टिपणीसकाकांचा ओळंबा

टिपणीसकाका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चहाच्या आधी ओळंबा काढायचे. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला पितळी लट्टू लटकवतात ना, तो. काकांच्या पँटच्या खिशात तो कायम असायचा. ठाण्यात आमच्या खोपटच्या बिल्डिंगमध्ये नवीन आले तेव्हा आमच्याकडे वाटीभर साखर मागायला आलेले. साखर राहिली बाजूला, हे दाराच्या चौकटीला दोरी लावून उभे.

"दोन सूत बाहेर."

दोन सूत म्हणजे पाव इंच. पण त्यानंतर आमचे बाबा आठवडाभर त्या दारातून तिरके जात होते.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर. दिवसभर लोखंडाचे पार्ट मोजायचे, वाकडा निघाला की खडूनं फुली मारून 'रिजेक्ट'. घरी आल्यावरही हात थांबायचे नाहीत. कॅलेंडर, देव्हारा, गच्चीवरचा अँटेना, सगळ्यांना फुल्या. भाच्यासाठी मुलगी बघायला गेले. मुलगी पोह्यांची बशी घेऊन उभी. काकांनी ओळंबा लावला आणि सांगितलं, "मुलगी सरळ आहे. मागची भिंत नाही." लग्न जमलं. भिंत अजून तशीच आहे.

आता गंमत बघा. अख्ख्या ठाण्याचा वाकडेपणा मोजणारा हा माणूस स्वतः असा वाकलेला, की यांच्यापुढे आमची चौकट म्हणजे सैनिक. कमरेतून पुढे, आणि वर थोडे डावीकडे. वयाबरोबर पाठीचा कणाच वाकत गेलेला. उभे राहिले की नजर थेट जमिनीवर. त्यामुळे माणसं ते चपलांवरून ओळखायचे.

"पक्या, अंगठा तुटलाय रे, शिवून घे." पक्या म्हणजे मी.

एकदा मी बाबांचे बूट घालून जिन्यात उभा होतो. काका थांबले. "काय साहेब, आज लवकर?" मी लगेच बाबांचा आवाज लावला. "हो ना, जरा डोकं दुखत होतं."

"साहेब, रागावू नका. तुमचं पोरगं नकला करत फिरतंय. जरा लक्ष द्या."

"नाही हो काका, तसा फार हुशार आहे."

"कोण म्हणतं?"

मी बाबांच्या बुटांसकट वर पळालो.

काकांची नक्कल हा तर माझा हुकमी आयटम. गच्चीवर पोरं जमली की फर्माईश ठरलेली. कमरेतून वाकायचं, मान डावीकडे, डावा हात बाजूला हवेत लटकता ठेवायचा आणि म्हणायचं, "दोन सूत बाहेर." पोरं लोळायची. काकांनाही ठाऊक होतं. दिसत मात्र काही नव्हतं. मी समोर केली तरी त्यांना फक्त माझ्या चपला दिसणार.

मग पाठीचं दुखणं वाढलं. एसटी डेपोपर्यंत जायचं तर वाटेत चार ठिकाणी टेकायला लागे. मुंबईच्या एका डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं. मणक्यांत स्क्रू, दोन बाजूंना दोन सळया आणि कणा उभा. काकांना प्लॅन एकदम पसंत. लोखंडाचं काम होतं ना!

कुसुमकाकू मात्र हबकल्या. डॉक्टरनं सरळ सांगितलेलं, मोठं ऑपरेशन आहे, पायातली ताकद जाऊ शकते.

"अहो, पाय गेले तर?"

"गेले तर गेले. इतकी वर्षं पायच बघतोय, कंटाळलो. मला समोर बघायचंय."

काकू उठून आत गेल्या. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. मी सोबत गेलेलो. हसवायला म्हणून डॉक्टरची नक्कल करून दाखवली. हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पक्या, पाय हलवतायत का, ते विचारून ये रे."

हलवत होते.

दोन महिन्यांनी उभं करून एक्सरे काढला. डॉक्टरनं मानेच्या खालच्या मणक्यापासून सरळ खाली रेघ मारली. रेघ कमरेच्या हाडावर पडली पाहिजे. आधी वीतभर पुढे पडायची, आता फक्त दोन बोटं पुढे. डॉक्टर खूश. काकांनी पेन्सिलच्या रेघेवर विश्वास ठेवला नाही. भिंतीवरच्या एक्सरेवर ओळंबा सोडला.

"दोन बोटं म्हणजे बारा सूत! आमच्या खात्यात हा पीस रिजेक्ट."

"काका, हे हाड आहे, लोखंड नाही. या वयाला एवढं पुष्कळ. दुखतंय का?"

"नाही."

"समोर दिसतंय?"

"दिसतंय."

"मग?"

"बारा सूत."

तीन महिने हेच. नुकतंच केबल आलेलं, लोक टीव्हीला चिकटलेले, आणि काका खिडकीशी बसून, "बारा सूत राहिलं." बिल्डिंगमध्ये तोंडं दिसायला लागली होती, पण ओळख पटायची नाही. आधी माझ्याकडे बघायचे, मग हळूच चपलेकडे, आणि मग, "हां, पक्या!"

एका दुपारी मला हाक मारली. म्हणाले, "माझी नक्कल कर. सगळ्यांनी बघितली, मीच राहिलो."

माझी टरकली. पण केली. कमरेतून वाकलो, मान डावीकडे, हात हवेत. काकू दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. काका मात्र इन्स्पेक्शन करत होते.

"चूक. तो हात काय हवेत?"

"असाच असायचा काका."

"हवेत कशाला असेल? हिच्या खांद्यावर असायचा. हिला धरूनच तर चालायचो."

खरं होतं. नकलेत काकूंची गरज नव्हती म्हणून मी त्यांना काढून टाकलेलं. हात तेवढा राहिला होता.

काका काकूंकडे बघत राहिले. मग उठले, कपाटातून पाणसळ काढली, आणि ती बुडबुड्याची पट्टी काकूंच्या मानेमागे दोन्ही खांद्यांवर आडवी धरली. बुडबुडा सरकत डाव्या टोकाला जाऊन बसला. उजवा, काकांचा हात असायचा तो खांदा खाली होता. चांगलाच.

"अहो, काय करताय? किती भरलं?"

मी तयारीत होतो. आता येणार, अमुक सूत बाहेर.

काकांनी पाणसळीची टोकं उलटसुलट करून धरली. पुन्हा सुलटी. बुडबुडा तिथंच, म्हणजे पट्टीत खोट नव्हती. मग ती शर्टाला पुसत म्हणाले, "काही नाही. ही खराब झालीय."

या माणसानं माप चुकलं असं आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं. बारा सुतांचा विषयही परत काढला नाही.

परवा डेपोजवळ दोघं दिसले. भाजीची पिशवी काकांकडे, दुसरा हात काकूंच्या कोपराखाली, आणि काका त्यांच्याकडे जरासे कललेले. सळयांनी जेवढं कलू दिलं तेवढे. गच्चीवर जाऊन मी ती नक्कल करून बघितली.

जमत नाही. ती एकट्यानं होत नाही.