सात फुटांचा शब्द

रविवारी सकाळी कोशकारांच्या टेबलावर एक शब्द ठाण मांडून बसला होता आणि काही केल्या उठायला तयार नव्हता. शब्द होता 'कॉरिडॉर'.

रोजच्या बोलण्यात रुळलेल्या परक्या शब्दांचा एक जाडजूड कोश तयार होत होता आणि त्यातलं 'क' हे अक्षर कोशकारांच्या वाट्याला आलं होतं. व्यंजनांतलं पहिलं अक्षर! चार वर्षं त्यांनी ते तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. 'कप'पासून 'कॉपी'पर्यंत सगळं सुरळीत पार पडलं आणि नेमकी कॉरिडॉरमध्ये गाडी अडली. त्यांनी अर्थ दिला होता : 'व्हरांडा, पडवी, ओसरी, सज्जा, बोळ, गल्ली, मार्गिका, जाण्यायेण्याची वाट.' मुख्य संपादकबाईंनी तो कागद तिसऱ्यांदा परत पाठवला होता. खाली लाल शाईत शेरा होता : 'पडवी एका अंगाने उघडी असते. सज्ज्यातून पुढे गेलेला माणूस थेट खाली पडतो. एका शब्दाला तुम्ही आठ नातेवाईक जमवलेत, त्यांत सख्खा कोण आणि चुलत कोण याचा पत्ता नाही. मुळात कॉरिडॉर असतो कशासाठी? रविवारी पाच वाजता मी स्वतः येऊन नवा कागद नेईन. पटला नाही, तर 'क' दुसऱ्याकडे.'

हा दुसरा म्हणजे 'ढ' अक्षरवाला. 'ढ'चं काम आठ दिवसांत आटोपून तो गेली चार वर्षं इतरांच्या अक्षरांवर डोळा ठेवून बसला होता.

"अहो, कागदाकडे टक लावून अर्थ उगवणार आहे का?" बायको म्हणाली. "दार उघडलं की समोर कॉरिडॉरच आहे. जा, बघून या."

ती बिचारी सहज बोलली. पण 'कप' लिहिण्याआधी घरातले आणि शेजारचे मिळून चौदा कप मोजणारा हा माणूस! त्यांनी मोजपट्टी घेतली, वही घेतली, कानावर पेन्सिल अडकवली आणि ते बाहेर पडले.

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर चार-चार अशी आठ घरं होती आणि मधोमध कॉरिडॉर. म्हणजे असावा. कारण दिसत होती ती एक बंद ट्रेडमिल, तीन माणसांचा एक सोफा, दोन कपाटं, पाण्याचं पिंप, शिंपीकाकांची दोन जुनी मशीनं, चपलांच्या मांडण्या आणि वाळून कोळ झालेल्या अकरा कुंड्या. रहिवासी या सगळ्यातून आडवे होऊन, पोट आत घेऊन ये-जा करत. भिंतीपासून भिंतीपर्यंत सात फूट भरले. चालायला उरलेली जागा होती दीड फूट.

अगदी टोकाच्या घरात पोस्टमनआजोबा राहत. चाळीस वर्षं गावभर पायपीट केलेला माणूस. पाय गेल्यापासून चाकाच्या खुर्चीत होते, आणि ती खुर्ची दीड फुटातून कशी जाणार? दोन वर्षांत ते दोनदा बाहेर पडले, तेही चौघांनी उचलून दवाखान्यात नेलं म्हणून. एरवी अर्धवट उघड्या दारातून सोफ्याची पाठ बघत बसायचे.

"काय मोजताय?" आजोबांनी विचारलं.

कोशकारांनी सगळी कर्मकहाणी सांगितली. शब्द, लाल शेरा, 'ढ'वाला, काही म्हणजे काही बाकी ठेवलं नाही.

"पाच वाजता बाई येणार? कडक आहेत?"

"फार. एक चूक खपवून घेत नाहीत."

आजोबांनी दारासमोरच्या सोफ्याकडे एकदा पाहिलं. "मग मोजा. नीट मोजा. आणि लिहिताना जरा कपाळाला आठ्या घाला. शोभून दिसतं."

कोशकारांना आठ्या घालायची वेगळी गरज नव्हती. पुढच्या दाराशी ते ट्रेडमिलची लांबी घेत होते, तेवढ्यात तिचे मालक बाहेर आले. सगळे त्यांना पैलवान म्हणत, कारण ट्रेडमिल त्यांची होती. तिच्यावर ते कधी चढले नव्हते.

"हे... कशासाठी?" पैलवानांचा आवाज बारीक झाला होता.

"तुम्ही याला काय म्हणता?" कॉरिडॉरवरून हात फिरवत कोशकारांनी विचारलं. त्यांना लोकांच्या तोंडचा शब्द हवा होता.

"आम्ही? आम्ही काहीच म्हणत नाही! ती ट्रेडमिल माझी नाही. म्हणजे आहे, पण इथली नाही."

कोशकारांनी प्रामाणिकपणे वहीत लिहिलं : 'काहीच म्हणत नाहीत.' ते लिहिताना बघून पैलवानांना घाम फुटला. शेजारी चार वर्षं राहूनही कोशकार नेमकं काय करतात हे कुणालाच धड माहीत नव्हतं. 'कागदपत्रांचं काहीतरी' एवढंच. तेवढ्यात आतून फोन वाजला. फोन झाल्यावर पैलवान जे बाहेर आले ते थेट शिंपीकाकांच्या दारावर धडकले.

कोशकार एव्हाना तुलनेसाठी खालच्या मजल्यावर गेले होते. त्यामुळे पुढचं महाभारत त्यांना दिसलं नाही.

"अग्निशमनवाले येतायत! पाचला! मुख्य बाई स्वतः!" पैलवान धापा टाकत म्हणाले. "मोजणी झालीसुद्धा!"

"अरे देवा! सामान ठेवायचं कुठं?" शिंपीकाकांनी डोकं धरलं. मग त्यांच्या डोक्यात वीज चमकली. "मोजणाऱ्याच्याच घरात ठेवू. मोजणाऱ्याच्या घरात मोजायला कोण येणार?"

कोशकारांची बायको मनानं दिलदार. "चार तासांचाच प्रश्न आहे ना? आणा," ती म्हणाली. तिला वाटलं, एखादं कपाट असेल. आधी कपाट आलं, मग दुसरं आलं, मग सोफा उभा करून आला. ट्रेडमिल आली तेव्हा ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, मला बाहेर तरी येऊ द्या!" पण तोवर पिंप दारात बसलं होतं.

सव्वाचारला कोशकार परतले. घराचं दार वीतभर उघडलं आणि अडलं.

"अगं, माझं टेबल?"

"सोफ्याखाली!" आतून उत्तर आलं.

"कागद?"

"टेबलावर!"

कोशकारांनी कपाळावर हात मारला. चार वर्षांचा 'क' एका सोफ्याखाली चिरडला गेला होता. ते हताश होऊन मागे वळले आणि जागीच थबकले. कॉरिडॉर रिकामा होता. या टोकाच्या खिडकीतला उजेड त्या टोकापर्यंत सरळ पोचला होता. फरशीला रंग होता, हिरवा, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

टोकाचं दार पूर्ण उघडलं. पोस्टमनआजोबा खुर्चीची चाकं स्वतःच्या हातांनी ढकलत बाहेर आले. सून धरायला धावली, तर तिला त्यांनी हातानं थांबवलं. एकेक दार ओलांडत ते सगळा कॉरिडॉर पार करून खिडकीपाशी गेले, वळले, पुन्हा निघाले. दारादारांत माणसं उभी होती. पैलवानांनी मान खाली घातली. आपल्याच ट्रेडमिलनं हे दोन वर्षं अडवलं होतं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

खुर्ची कोशकारांपाशी थांबली. "पैलवानाला फोन मीच केला," आजोबा हळूच म्हणाले. "म्हटलं, मोजणी झालीय, पाचला कडक बाई येणार आहेत. खोटं एक अक्षर नाही. अग्निशमन त्यानं स्वतःच्या पदरचं घातलं."

कोशकारांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. ते तिथंच हिरव्या फरशीवर मांडी घालून बसले, वहीचं कोरं पान काढलं आणि एका दमात लिहून मोकळे झाले.

पाचच्या ठोक्याला संपादकबाई जिन्यातून वर आल्या. आठही दारांत माणसं श्वास रोखून उभी होती. बाईंना जरा नवल वाटलं. कोशाबद्दल एवढी आस्था त्यांनी कुठंच पाहिली नव्हती. त्यांनी चष्मा चढवून पान वाचलं : 'कॉरिडॉर : इमारतीतली घरांना किंवा खोल्यांना जोडणारी लांब, बंदिस्त वाट. ही कुणा एकाची नसते, म्हणून इथून प्रत्येकाला जाता येतं. जवळचा शब्द : मार्गिका.'

बाईंनी पान वाचलं, कॉरिडॉरभर नजर टाकली, आजोबांच्या खुर्चीकडे पाहिलं. मग लाल पेन पुन्हा पर्समध्ये ठेवलं.

"मंजूर," त्या म्हणाल्या. "यात काढण्यासारखं काहीच नाही."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खालच्या मजल्यावरचे लोक वर धावले. शिंपीकाकांनी पैलवानांना मिठी मारली. "पास झालो!" असं कुणीतरी ओरडलं, आणि 'क' वाचल्याच्या आनंदात कोशकारही "झालो! झालो!" म्हणून ओरडले.

पैलवान हात चोळत पुढे आले. "बाई, आता पुन्हा कधी येणं होईल?"

एवढं प्रेमळ आमंत्रण! बाईंना गहिवरून आलं. "दर रविवारी येत जाईन," त्या म्हणाल्या. "यांचं काम छान चाललंय, पण अजून पुष्कळ बाकी आहे."

पैलवानांनी कोशकारांच्या दाराकडे केविलवाणं पाहिलं. "वहिनी, मग आमची ट्रेडमिल... तुमच्याकडेच राहिली तर?"

दाराच्या फटीतून आवाज आला, "सहाच्या आत उचला. नाहीतर बाईंना आत्ता आत बोलावते."

पावणेसहाला कोशकारांचं टेबल मोकळं झालं. एक कपाट भंगारात गेलं, कुंड्या गच्चीवर गेल्या आणि ट्रेडमिल पैलवानांच्या दिवाणखान्यात बसली. दिवाणखान्यात दुसरं काही मावेना, म्हणून त्या दिवसापासून टीव्ही बघायचा तर पैलवानांना तिच्यावर चढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.