जाईबाईची साक्ष

"काका, तुमच्या घराला कुलूप होतं," संगणकावरची नजर न काढता बँकेतली प्राची म्हणाली. "तपासणीचा माणूस परत आला."

"कुलूप असणारच!" सहदेव ओरडला. "तो माझ्या दारात होता तेव्हा मी कुठे होतो? इथे! तो का येत नाही, हेच तुम्हाला विचारत होतो!"

मागची माणसं हसली. सहदेव आणखी भडकला.

"येण्याआधी फोन करायला काय होतं?"

"फोन करून गेलं तर ती तपासणी कसली? तुम्ही खरंच तिथे राहता की नाही, ते अचानक जाऊनच बघतात. येईल पुन्हा."

"कधी?"

"ते नाही सांगता येणार."

गृहकर्जाचं घोडं दोन महिने असंच अडलं होतं. ठाण्यातल्या कोलशेतच्या गोपीनाथला जमिनीच्या बदल्यात बिल्डरकडून फ्लॅट मिळालेले, त्यातला एक सहदेवने ठरवला होता. पण गोपीनाथने परवाच फोनवर स्पष्ट सांगितलं, "सहदेवभाऊ, रविवारपर्यंत थांबतो. पुढं माझी पोरं ऐकायची नाय. दुसरं गिऱ्हाईक उभं हाय." सहदेवची हयात वागळे इस्टेटमध्ये यंत्रांपुढे उभं राहण्यात गेली होती. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जायची ही एवढीच संधी होती.

डोंबिवलीला परतल्यावर तो दार सताड उघडून खुर्चीत बसला.

"भाजी घेऊन येते," त्याची बायको मालन म्हणाली.

"अजिबात नाही. तू गेलीस आणि माझा डोळा लागला तर?"

दोन दिवस घरात नुसती डाळ शिजली. उघड्या दारातून मांजर आलं, दूध पिऊन गेलं. बँकेचा माणूस काही आला नाही. सहदेव पुन्हा ठाण्याला बँकेत जाऊन प्राचीपुढे उभा राहिला.

"काका, तो काल आलेला. जिन्यात एका बाईंनी सांगितलं, या नावाचं इथे कुणी राहत नाही."

सहदेव दातओठ खात चाळीत शिरला. जिन्यात शेजारची जाईबाई लसूण सोलत बसली होती.

"वहिनी, काल बँकेच्या माणसाला कुणी हाकललं?"

"मी!" जाईबाई ऐटीत म्हणाली. "बॅगवाला मेला. तुमच्या दारापर्यंत पोचूसुद्धा दिलं नाही!"

"अहो, पण का?"

"का म्हणजे? वरच्या आनंदकडे वसुलीवाले यायचे तेव्हा चाळीची मीटिंग कुणी घेतली? बँकेचं कुणीही आलं की सगळ्यांनी नाही म्हणायचं, हे तुम्हीच ठरवलंत ना, भाऊजी?"

आतून मालनचं हसू ऐकू आलं. सहदेवने रागाने चप्पल काढून भिरकावली, ती जिन्यावरून खाली गेली आणि त्यालाच आणावी लागली. मग दारोदार जाऊन त्याने बजावलं, "आता हो म्हणायचं! हो!"

शुक्रवारी तो माणूस आला. नाव रत्नदीप. आठवडाभर साठवलेल्या शिव्या सहदेवच्या जिभेवर आल्या, तेवढ्यात रत्नदीप म्हणाला, "आधी शेजाऱ्यांना विचारतो." त्याने जाईबाईला विचारलं, "मावशी, हे इथेच राहतात ना?"

जाईबाईने आत मालनकडे बघितलं.

"वहिनी, बोला की!"

"काय बोलू? मी हो म्हटलं की तुम्ही चाललात कोलशेतला. मग मी मालनला कुठून आणू?"

"म्हणजे, राहतात की नाही?" रत्नदीप गोंधळला.

सहदेव उसळला. "दोन महिने बँकेने लटकवलं, आता तुम्ही लटकवा! परवा जागा जाईल माझी, कळतंय का?"

जाईबाईने पदराने नाक पुसलं. "राहतात. लिही. तापट आहेत, पण राहतात."

शनिवारी दुपारी ती मालनजवळ येऊन बसली. सहदेवचा फोन वाजला. प्राची होती. नवं काहीतरी अडलं असणार, म्हणून त्याने भांडायच्या तयारीनेच स्पीकर लावला.

"काका, कर्ज मंजूर झालं!"

जाईबाईने पुढे होऊन त्याच्या हातातला फोन ओढून घेतला आणि ती प्राचीवर कडाडली,

"काय गं पोरी, एवढी कसली घाई असते तुम्हा बँकवाल्यांना?"