मार्ग क्रमांक सतरा

"सर, आपल्या राष्ट्रीय विमान कंपनीचं विमान शेवटचं कधी उडालं?"

हा प्रश्न मी भर सभागृहात उभं राहून विचारला. मागच्या बाकावरच्या तिघींनी पैज लावली होती, की माझी हिंमतच होणार नाही. (झाली. आता तिघी मला 'ताई' म्हणतात.)

शाळेत आलेले पाहुणे म्हणजे कंपनीचे व्यवस्थापक. त्यांच्यामागे नकाशाची गुंडाळी धरून माझे बाबा उभे होते. ते कंपनीच्या मार्ग-नकाशा विभागात आहेत. बाबांनी छताकडे पाहिलं. साहेब मात्र हसले. "बाळ, उडणं ही तांत्रिक बाब झाली. कंपनीचे मालक तुम्ही सगळे, जनता! मालकाने अभिमान बाळगायचा."

मला पटलं. राष्ट्र म्हटलं की ध्वज लागतो, गीत लागतं आणि विमान कंपनी लागते. ध्वज फडकवावा लागतो, गीत म्हणावं लागतं. कंपनी नुसती असली तरी पुरते.

कंपनीचा इतिहास उज्ज्वल आहे. पहिल्या वर्षी एक विमान, तीन शहरं. मग एका मंत्र्यांच्या सासुरवाडीला मार्ग सुरू झाला. त्यापासून प्रेरणा घेऊन पुढच्या मंत्र्यांनी आजोळ जोडलं. आज नकाशावर शेहेचाळीस शहरं आहेत आणि विमानं दोन. (दुसरं विमान पहिल्याला सुटे भाग पुरवतं, कागदोपत्री ते 'सहायक'.) नकाशावर लाल रेघ मारायला एक सही लागते, खोडायला सात. सातही साहेब एकाच दिवशी हजर असल्याची नोंद नाही, त्यामुळे जाळं वाढतंच आहे. बाबा दर सहा महिन्यांनी वेळापत्रक छापतात, अगदी मिनिटांसकट. विमानाला उशीर झाल्याची एकही तक्रार नाही. उशीर व्हायला आधी निघावं लागतं.

कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला आजन्म मोफत पास असतो. म्हणून आमच्या घरी दुसऱ्या कशानेही परगावी जाणं म्हणजे फितुरी. परिणामी पंधरा वर्षांत मी कुठेही गेलेले नाही. (माझं वय पंधरा.) मामाच्या लग्नाचा अल्बम मात्र पाठ आहे.

गेल्या वर्षी समुद्राकाठच्या जलतरण प्रबोधिनीने मला निवड चाचणीला बोलावलं. मार्ग क्रमांक सतरा, सकाळी सहा वाजून पाच मिनिटं. आम्ही तिघं विमानतळावर नऊ तास बसलो, आईने सोबत घेतलेला डबा संपवला, 'प्रवासी समाधान' अर्जावर 'उत्तम' अशी खूण केली (पेन बाबांच्या हातात होतं) आणि घरी आलो. चाचणी माझ्याशिवाय सुरळीत पार पडली.

या शनिवारी पुन्हा चाचणी आहे. सोळा पूर्ण झाली की घेत नाहीत, म्हणजे ही शेवटची.

"सतरा नंबर आहेच की," बाबा म्हणाले. "या वेळी तुला खिडकीची जागा ठेवलीये."

"आणि बसबिसचं नाव काढू नकोस हं," आई म्हणाली. "यांच्या ऑफिसात काय म्हणतील?"

एकदा भर सभागृहात तोंड उघडलं, की घरात फार जड जात नाही.

"आई, बाबा, मी शुक्रवारच्या बसने जाणार. आत्या सोबत येतेय, तिकिटं काढून झालीत. आणि बाबा, खिडकीची जागा वाया घालवू नका. मी हे सगळं लिहून काढणार आहे. ते वाचून जे कोणी तुम्हाला हसतील, त्यांनाच तिथे बसवा. कंपनीचे मालक तेच. इतकी वर्षं बसूनच आहेत, त्यांना सवय आहे."