दोनदा वजा

सरांचा फोटो पेपरात आला, त्याच सकाळी नवराबायकोचं स्वयंपाकघरात वाजलं.

दोघंही सरांच्या प्रयोगशाळेत, संगणकावर नवनवे पदार्थ तपासायच्या कामाला. पदार्थातले इलेक्ट्रॉन एकमेकांना सारखे ढकलतात. हे ढकलणं नवऱ्याच्या गणितात ढोबळमानानं धरलेलं असे. बायकोच्या गणितात तेच पुन्हा बारकाईनं येई. म्हणून दोन्ही जोडताना ढोबळ भाग एकदा वजा करायचा. तसा तो केला, आणि एक फालतू हिरवी भुकटी तांब्यासारखी वीज वाहून नेणार असं उत्तर आलं. तिघांच्या नावानं लेख छापून सर हर्षभरित होऊन थेट पेपरवाल्यांकडे गेले.

"तो ढोबळ भाग मी आठवणीनं वजा केला म्हणून," नवरा चहा गाळत म्हणाला.

"तू केलास?" बायकोनं पेपर खाली ठेवला. "अरे, मी पण केला!"

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"तुझ्यावर सोडलेलं काम कधी झालंय का आजवर?"

"आणि मला वाटलं, तू विसरशील."

चहा तसाच राहिला. दोघांनी धावत प्रयोगशाळा गाठली, गणित पुन्हा करून पाहिलं आणि सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

"एकदाच वजा केलं तर?" सरांनी विचारलं.

"वीज जातच नाही, सर. भुकटी ती भुकटीच."

"उत्तर एवढं छान आलं तेव्हा शंका नाही आली?"

"आली होती," बायको म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, चांगल्या कामात मोडता घालू नका."

सरांनी दार लावून घेतलं. "सध्या तोंडातून ब्र काढायचा नाही. दोघांच्या नोकरीची मुदत संपत आलीये, मुदतवाढीवर माझी सही व्हायचीये."

दोघं गप्प बसले. शेजारच्या विभागातल्या बाईंनी मात्र पेपर वाचून मोठी भट्टी मागवली. भुकटी भाजून वड्या पाडल्या. वीज जाईना, तशी आपलंच भाजणं चुकतंय असं समजून त्यांनी आणखी भाजल्या. शेवटी भट्टी जळाली, आणि बाई रडकुंडीला आल्या. ते बायकोला बघवेना. तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं.

बाई तावातावानं विभागांच्या बैठकीत उठल्या, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत सर बोलू लागले. "एक सूक्ष्म चूक माझ्या नजरेला आली आहे," ते जड आवाजात म्हणाले. "विज्ञानाशी प्रामाणिक राहून मी ती जाहीर करतो." टाळ्या थांबेनात. दुरुस्तीचा लेख सरांच्या एकट्याच्या नावानं निघाला, आणि वर्षअखेर सचोटीचा पुरस्कारही त्यांनाच मिळाला.

"सर, त्या लेखात आमची नावं नाहीत," नवरा चाचरत म्हणाला.

"पहिल्या लेखात आहेत ना? तिथंच शोभतात." मग सर बायकोकडे वळले. "तुमच्या मुदतवाढीवर सही मात्र नाही जमली हो. बातमी बाहेर फोडणारं माणूस ठेवायचं कसं? पण जाण्याआधी माझं पुरस्काराचं भाषण तेवढं लिहून द्या. तुमची भाषा चांगली आहे."

तिनं लिहून दिलं. नवऱ्याच्या सहीला अजून आठवडा होता.