दार घेऊन सहलीला

एका जंगलात साळिंदरांचं एक कुटुंब राहत होतं आणि त्या कुटुंबाने सात परजंगलं पाहिली होती. हे मी सुरुवातीलाच सांगतो, कारण ते लोकही सुरुवातीलाच सांगायचे.

मुलांनो, या घरातले थोरले म्हणजे दादासाहेब. पाणवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. कोणी किती वाजता पाणी प्यायचं, याचे नियम त्यांनी चाळीस वर्षं लिहिले. स्वतः एकदाही पाण्यात उतरले नाहीत. तुमच्याही घरात असा एक असेल. नाव घेऊ नका, झोपेचं सोंग घेऊन ऐकत असेल.

त्यांची बायको माई. मुलगा सुधाकर, तो हो म्हणायचा. सून कुमुद, तिला कोणी विचारायचं नाही. नात शलाका, नऊ वर्षांची, तिचे काटे अजून मऊ होते.

यांच्या बिळाला सागवानी दार होतं. अख्ख्या जंगलात दुसरं नव्हतं. दाराला पितळी पाटी, घंटी, बाहेर कोण आलंय ते बघायला भिंग आणि आतून कुलूप. चावी दादासाहेबांच्या गळ्यात. चोर आत येऊ नयेत म्हणून बाहेरून कुलूप लावतात. आतून कशासाठी, हे कुमुदने अकरा वर्षांत विचारलं नव्हतं.

दर मे महिन्यात हे कुटुंब परजंगलात जायचं. दादासाहेबांना तिथलं खाणं सोसायचं नाही. म्हणून कुमुद पहाटे उठून पोहे करायची. दादासाहेबांनी सात जंगलांत तिच्या हातचे पोहे खाल्ले आणि सातही जंगलांना नावं ठेवली. घरी परत आल्यावर मात्र त्याच जंगलांची नावं घेऊन ते शेजाऱ्यांना छळायचे.

कुमुदचं माहेर याच जंगलात होतं. दोन दिवसांच्या वाटेवर, कमळतळ्याच्या काठी. माहेरी आता कोणी उरलं नव्हतं. तळं होतं. तिला त्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहायचं होतं. एवढंच. दरवर्षी ती हळूच विषय काढायची आणि दरवर्षी दादासाहेब म्हणायचे, आपल्याच जंगलात काय बघायचंय.

मग शिंकेची साथ आली.

जंगलाच्या सीमा बंद झाल्या. सगळ्यांच्या नाकावर पळसाची पानं आली. एकमेकांपासून अंतर ठेवा, अशी दवंडी पिटली गेली. साळिंदरांना ती दवंडी कळलीच नाही. ते आधीपासून तसेच राहत होते.

आणि मे महिन्याच्या पहिल्या तारखेला सिंहमहाराजांचे दोन हुकूम एकाच दिवशी निघाले. पहिला पर्यटन खात्याचा: यंदा प्रत्येक कुटुंबाने परजंगलाऐवजी आपल्याच जंगलात सहलीला जावे, हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. दुसरा आरोग्य खात्याचा: कोणीही घराबाहेर पडू नये, पडल्यास तरस हवालदार फटके देतील.

दोन्ही हुकमांवर महाराजांचाच पंजा उमटला होता. महाराज स्वतः कुठे होते, हे विचारू नका. महाराजांना हवापालट लागतो.

आता बिनशिकलेले प्राणी घरात बसले आणि म्हणाले, दोन्ही कसं जमणार. दादासाहेब शिकलेले होते. हुकूम म्हटला की तो कसा पाळायचा एवढंच त्यांना दिसायचं, तो वेडा आहे का हे दिसायचं नाही. ते तीन दिवस जुन्या फायली चाळत बसले. चौथ्या दिवशी त्यांना स्वतःच कधीतरी लिहिलेली एक व्याख्या सापडली. घर म्हणजे ज्याला दार आहे ते. भिंतींचं कलम पुढच्या पानावर होतं आणि पुढचं पान वाळवीने खाल्लं होतं.

"दार बरोबर घ्यायचं," दादासाहेब म्हणाले. "म्हणजे आपण घरातच."

सुधाकर हो म्हणाला.

कुठे जायचं, यावर मात्र घोडं अडलं. तेव्हा कुमुद भांडी घासता घासता म्हणाली, कमळतळं लांबही आहे आणि आपल्याच जंगलातही आहे. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी दादासाहेबांनी जाहीर केलं, की मला एक कल्पना सुचली आहे, आपण कमळतळ्याला जाऊ.

कुमुदला राग आला नाही. तिने त्या रात्री पाय घासून धुतले.

तर मुलांनो, असं ते घर निघालं. सुधाकरच्या पाठीवर दार. काटे दारात रुतले होते, त्यामुळे दोर लागला नाही. शलाकाच्या डोक्यावर उंबरा. कुमुदकडे चूल, पीठ, पोहे, लोणच्याची बरणी, दोन गाद्या आणि दादासाहेबांची आरामखुर्ची. माईंकडे गुडघेदुखी. दादासाहेबांकडे चावी.

पहिल्याच नाक्यावर तरस हवालदाराने काठी आडवी घातली. कुठे निघालात, असं त्याने विचारलं. दादासाहेबांनी सुधाकरला खूण केली. सुधाकरने भर रस्त्यात दार उभं केलं, सगळे दारामागे जाऊन बसले आणि आतून कुलूप लागलं.

हवालदार थोडा वेळ दाराकडे बघत राहिला. मग बाजूने वाकून मागे बघू लागला.

"लोकांच्या घरात असं डोकावतात का?" दारामागून माई म्हणाल्या.

हवालदार शरमला. त्याने टोपी नीट केली आणि घंटी वाजवली. दादासाहेबांनी भिंगातून बघितलं, कुलूप काढलं, दार वीतभर उघडलं आणि बोला म्हणाले.

"काही नाही साहेब," हवालदार म्हणाला. "घरी आहात ना, तेवढंच बघायचं होतं."

त्याने वहीत लिहिलं, 'सर्व जण घरी सापडले.' सलाम ठोकला. दार पुन्हा सुधाकरच्या पाठीवर चढलं आणि घर पुढे गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते कमळतळ्यावर पोचले. कुमुदला तळं लांबूनच दिसलं. तिच्या हातून बरणी निसटता निसटता राहिली. ती घाईने पुढे निघाली, तेवढ्यात दादासाहेब म्हणाले, आधी घर लावा.

दार कोणत्या दिशेला हवं, यावर तासभर खल झाला. दार पूर्वेलाच हवं, असं माईंचं म्हणणं होतं. तळं होतं पश्चिमेला. म्हणजे दार लागलं आणि तळं घराच्या पाठीमागे गेलं. दाराकडे तोंड करून आरामखुर्ची मांडली. दाराकडे तोंड करून गाद्या घातल्या. चूल पेटली. दादासाहेबांनी कुलूप लावलं, चावी गळ्यात अडकवली आणि पाय पसरून म्हणाले, वा, काय हवा आहे.

कुमुद पोळ्या लाटता लाटता मान वळवून तळ्याकडे बघायची. वीस पावलांवर होतं.

"भिंतीकडे काय बघत बसलीस?" माई म्हणाल्या.

कुमुदने मान परत वळवली. मुलांनो, हसू नका. तुमच्या आयांनाही अशा भिंती दिसतात. तुम्हीच त्यांना टेकून बसलेले असता.

तिने दादासाहेबांना विचारलं, मामंजी, जरा दार उघडता का, पाय बुडवून येते. दादासाहेब म्हणाले, आजच आलोय, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं. तिसऱ्या दिवशी सुधाकरने सगळ्यांना ओळीत उभं करून फोटो काढला. मागे तळं दिसत होतं. त्याने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'तळ्यावर धमाल'. कुमुद त्या फोटोत हसत होती. तिला हसायला सांगितलं होतं.

फोटो बघून इतरांनाही युक्ती कळली. आठवडाभरात काठावर बावीस दारं उभी राहिली. बोराच्या काट्यांची दारं, बांबूची दारं, कोल्ह्यांची तर नुसतीच चौकट आणि पडदा. एकाही दाराला भिंत नव्हती आणि प्रत्येक दाराआड एक कुटुंब पाण्याकडे पाठ करून बसलं होतं. बावीस दारं झाल्यावर सोसायटी झाली. रानडुक्कर सेक्रेटरी झालं. आणि नियम कोणाला लिहायला सांगितले असतील?

दादासाहेब त्या दिवशी अंघोळ करून बसले. कित्येक वर्षांनी त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी सतरा नियम लिहिले. तळ्याच्या बाजूला कपडे वाळत घालू नयेत. दुपारी दोन ते चार घंटी वाजवू नये. आणि अकरावा नियम त्यांनी दोनदा वाचून दाखवला, कारण तो त्यांना फार आवडला होता. जो घराबाहेर पडून पाणी, माती वा झाड यांपैकी कशालाही शिवेल, त्याने शेवटचे शिवल्यापासून चौदा दिवस घरात येऊ नये. नाते कोणतेही असो.

बावीस दारांआडून टाळ्या वाजल्या.

परतायच्या आदल्या दिवशी दुपारी कुमुदने पुन्हा विचारलं. उद्या निघायचंय मामंजी, पाचच मिनिटं. दादासाहेब म्हणाले, आता काय, आवराआवर कर. पुढच्या वर्षी सीमा उघडल्या की आपण मोठ्या तलावाच्या जंगलात जाणार आहोत, तिथे बघ काय पाणी आहे. मग ते झोपले. माई झोपल्या. सुधाकर झोपला.

कुमुदने झाडू घेतला. चुलीपासून सुरुवात केली, गाद्यांखालून केर ओढला, आरामखुर्चीखालचे चिवड्याचे दाणे काढले आणि केर मागे मागे नेऊ लागली. केर कोपऱ्यात गोळा करायचा आणि मग भरायचा, ही तिची अकरा वर्षांची सवय. ती खाली बघून झाडत गेली. कोपरा येईना. तिला वाटलं, आज घर मोठं झालंय. ती झाडत राहिली. कोपरा आलाच नाही. पाणी आलं.

केर पाण्यावर तरंगत गेला. कुमुद गुडघाभर पाण्यात उभी होती, हातात झाडू होता.

ती किती वेळ उभी राहिली, ते मला माहीत नाही. पायाशी मासे आले. चार वाजता तिला चहाची आठवण झाली. ती बाहेर आली आणि इतक्या वर्षांच्या वळणाप्रमाणे पूर्ण वळसा घालून पुढच्या दाराशी गेली. भिंतीतून घरात येणं तिला बरं वाटलं नाही. तिने घंटी वाजवली.

"कोण आहे?" दादासाहेबांनी विचारलं.

"मी, कुमुद."

"कुमुद घरात आहे," दादासाहेब म्हणाले. मग त्यांनी मागे वळून बघितलं. चूल थंड होती. ते भिंगापाशी गेले. बाहेर कुमुद उभी होती आणि तिच्या पायांखाली ओल पसरली होती.

मग चौकशी झाली. दार बंद, चावी माझ्या गळ्यात, तर तू बाहेर गेलीस कशी, असं दादासाहेबांनी विचारलं. मागून, असं तिने सांगितलं. मागे भिंत आहे, असं माई म्हणाल्या. असेल, असं कुमुद म्हणाली. दादासाहेबांनी भिंगातून तिच्या पायांकडे पाहिलं.

"पाण्याला शिवलीस?"

"हो."

"मग अकरावा नियम."

माईंनी विचारलं, की चहा कोण करणार. दादासाहेब म्हणाले, नियम मी लिहिलाय, आणि शेजारी बावीस दारं कान देऊन बसलीत. सुधाकर दाराशी येऊन हळूच म्हणाला, नियम आहे गं, मी काय करू.

कुमुदच्या हातातल्या झाडूतून पाणी ठिबकत होतं. मग तिने एकच विचारलं.

"पूर्ण चौदा, मामंजी?"

"एकही कमी नाही."

"बरं," ती म्हणाली आणि झाडू दाराला टेकवून ठेवला.

तेवढ्यात आतून शलाका म्हणाली, "आजोबा, मी आत्ताच मागे जाऊन झाडाला हात लावून आले."

आजोबांनी तिलाही बाहेर काढलं. कुलूप उघडून, रीतसर, दारातून. सुधाकरच्या मनात काहीतरी आलं असावं. तो म्हणाला, मलाही जरा मातीला...

"तू बस," माई म्हणाल्या. तो बसला.

दुसऱ्या दिवशी निघायचं रद्द झालं. सून तळ्यावर सोडून परत आले, असं म्हणवून कोण घेणार? तीन साळिंदर दाराकडे तोंड करून चौदा दिवस मोजत बसले. पीठ होतं, पोहे होते, लोणचं होतं. ते कसं शिजवायचं, हे तिघांपैकी एकट्या माईंना येत होतं आणि त्यांचे गुडघे दुखत होते. सुधाकरने एकदा पोहे केले. ते फोटो काढण्याच्या लायकीचे नव्हते. पाठीमागून पाण्याचे आवाज यायचे, माय-लेकींचं हसणं यायचं. कोणी वळून बघितलं नाही. भिंतीकडे काय बघायचं?

चौदाव्या दिवशी दादासाहेबांनी कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभे राहिले. चावीचा दोरा त्यांच्या गळ्यात सैल लोंबत होता. ते खूप वाळले होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेला हाक मारली.

"कुमुद, झाले चौदा. ये घरात."

कुमुद तळ्यातून मान वर काढून म्हणाली, की मामंजी, तुमचा नियम शेवटचं शिवल्यापासून आहे. मी आत्ताच शिवले. आजपासून परत चौदा.

आणि तिने बुडी मारली.

दादासाहेब उंबऱ्यात उभे राहिले. नियमात चूक नव्हती. त्यांनी तो दोनदा वाचून दाखवला होता.

तात्पर्य: मोठ्यांचं ऐकावं, मुलांनो. शब्दन् शब्द ऐकावा आणि तस्साच पाळावा. त्यांचं कोणी ऐकलं नाही तर ते नुसते ओरडतात. नीट ऐकलं तर त्यांना स्वतःचा चहा स्वतः करावा लागतो.