पंच्याहत्तर वर्षं अर्ध्या दिवसाचा पिस्टन

हिंमत असेल तर या गोष्टीतला एक शब्द खरा मानून दाखवा. आजवर कुणाला जमलेलं नाही. तुम्हालाही जमायचं नाही, आणि शेवटी मात्र तोंड उघडं टाकून बसाल. तेव्हा आताच मिटून घ्या, माशी जाईल.

एका जंगलात केरबा नावाचा रानडुक्कर राहायचा, आणि त्याच्याकडं चारचाकी फटफटी होती.

बघा. पहिल्याच वाक्याला खिदळलात.

शहरातली माणसं तिला एटीव्ही म्हणतात. जाडजूड चार चाकं, वर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि दगडधोंड्यातनं सुटायचं. ती जंगलात आली कुठनं, असं कुणी विचारू नका. विचारणाऱ्याला मी उठवून लावते. इंजिन टू-स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलातच ऑइल कालवून पाजायचं आणि मागनं निळा धूर काढायचा.

गाडी बरी पळायची. पण बऱ्यावर कुणाचं भागतंय? केरबानं ती म्हाळसाक्काकडं नेली. म्हाळसाक्का म्हणजे साळिंदरीण, जंगलातली एकुलती एक मेस्तरीण. पाठीवरच्या काट्यांना पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर अडकवलेले. ती चालली की भांड्यांचं दुकान चाललंय असं वाटायचं. केरबानं तिच्याकडनं इंजिनाचं हेड घासून घेतलं, सिलिंडरची भोकं रुंद करून घेतली, दुप्पट मोठा कार्बोरेटर बसवला, भोपळ्यासारखा फुगीर सायलेन्सर लावला. पिस्टन तेवढा कंपनीचाच ठेवला. कंपनीला काय कळत नाही का, असं त्याचं म्हणणं.

म्हाळसाक्का म्हणली, "केरबा, कंपनीनं पिस्टन कंपनीच्या इंजिनासाठी केलाय. हे इंजिन आता कंपनीचं राहिलंय कुठं? दर पंधरा तासांनी सिलिंडर उघडून बघायला आणत जा."

"बघितलं की काहीतरी निघतंच, आक्का," केरबा म्हणला, आणि धूर सोडून निघून गेला.

आता केरबाचं डबकं. ते नीट ऐका, सगळं त्याच्यावरच अडलंय. जांभळीच्या सावलीत त्याचं एक चिखलाचं डबकं होतं. आज्यानं उकरलेलं, बापानं वाढवलेलं. काळाभोर, थंडगार, दह्यासारखा दाट चिखल. डुकराला घाम येत नाही, पोरांनो. चैत्राच्या उन्हात चिखल अंगाला नसला तर कातडी तडकते, गोचिडी फोडून खातात. केरबा सकाळ-दुपार त्यात लोळायचा आणि डोळे मिटून असा काही सुस्कारा सोडायचा, की ऐकणाऱ्याला झोप यावी.

हे डबकं त्यानं पैजेवर लावलं.

झालं असं. हैबती नावाचा गवा पाणी प्यायला आला होता. फटफटीचा आवाज ऐकून म्हणला, ही गाडी पळतीय का गुळण्या करतीय? लोक हसले. केरबाच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तो म्हणून गेला, की तू पायी पळ, मी गाडीवर येतो, माझ्याआधी टेकडीच्या माथ्यावर पोचलास तर माझं डबकं तुझं. हैबतीला डबक्याची फार हौस होती असं नाही. पण फुकट मिळालं तर बसू म्हणला.

पैज आठ दिवसांवर आली, आणि इंजिनातनं टकटक आवाज यायला लागला. सकाळी गाडी थंड असली की टकटक. गरम झाली की बंद. केरबा गाडी गरम झाल्यावरच ऐकायचा. शेवटी न राहवून म्हाळसाक्काकडं गेला. तिनं एक काटा इंजिनाला टेकवला, दुसरं टोक कानात घातलं.

"पिस्टन सैल झालाय. उघडू का?"

"न उघडता सांग. किती टिकंल?"

"न उघडता कसं सांगू? मी काय भविष्य बघते?"

केरबाला राग आला. एवढी हत्यारं अंगावर, आणि साधा आकडा सांगता येईना. तो तडक पंचांकडं गेला.

या जंगलात एक रीत होती. पंचांनी ठराव केला की ते खरं. मग ते खोटं व्हायला कुणाला परवानगी नव्हती. मागं एकदा कोल्हा आजारी नाही असा ठराव झाला. कोल्हा मेला. तरी अजून त्याला प्रत्येक सभेचं बोलावणं जातं, आणि न आल्याबद्दल समजही दिली जाते.

वडाखाली सभा भरली. सरपंच होते वानर अप्पासाहेब. ते नेहमी सगळ्यात वरच्या फांदीवर बसायचे, म्हणून खालून नुसतं शेपूट दिसायचं. विषय वाचला गेला: फेरफार केलेल्या इंजिनात कंपनीचा पिस्टन किती दिवस टिकतो.

बापूआजा कासव म्हणला, दीडशे वर्षं कुठं जात नाहीत. माझंच बघा, मूळचंच सामान आहे, एक भाग बदललेला नाही. कुणीतरी विचारलं, आजा, तुम्ही फटफटी चालवलीय का? तो म्हणला, चालवली नाही, म्हणूनच टिकलो.

मग नुकतीच पंख फुटलेली एक वाळवी उठली. ती म्हणली, दिवे लागेपर्यंत टिकला तरी खूप झालं, आमच्यात याहून जास्त कुणी टिकलेलं ऐकिवात नाही. एवढं बोलून तिचे पंख गळाले. सभेनं दोन मिनिटं शांतता पाळली.

म्हाळसाक्का मागं उभी होती. ती म्हणली, गाडी इथंच आहे, पाना माझ्या पाठीवर आहे, अर्ध्या तासात उघडून दाखवते. अप्पासाहेबांनी वरनं सांगितलं, की सभेत हत्यारं चालत नाहीत. तिला बाहेर बसवलं.

आता दोन मतं झाली. एक दीडशे वर्षांचं, एक एका दिवसाचं. दोघांचाही मान राखायला हवा. तेव्हा मधलं काढलं. पंच्याहत्तर वर्षं आणि अर्धा दिवस. अर्ध्या दिवसावर थोडा वाद झाला, पण वाळवीच्या आठवणीसाठी तो ठेवला. पळसाच्या पानावर ठराव लिहिला, वर अप्पासाहेबांच्या पंजाचा ठसा उठवला. केरबानं ते पान हँडलला बांधलं. त्या दिवसापासून त्याला टकटक ऐकू येईना.

पैजेच्या दिवशी सगळं जंगल टेकडीच्या पायथ्याला जमलं. हैबती निघाला तो चरत चरत. केरबानं किक मारली, मूठ पार पिळली, आणि असा सुटला की मागच्या दोन भेकरांचे कान उलटे झाले. अर्धी टेकडी होईतो हैबती ठिपक्याएवढा दिसायला लागला. केरबानं मागं वळून हात हलवला. माथा समोर दिसत होता. मनातल्या मनात तो चिखलात उतरलाही होता.

मग इंजिनानं एकदाच "खर्रक" केलं, आणि मागची चाकं जागच्या जागी जाम झाली.

केरबानं किक मारली. किक खाली जाईना. तो किकवर उभा राहिला. किक त्याला झेलून तशीच राहिली. थोड्या वेळानं हैबती शेजारनं गेला. थांबून विचारलं, ढकलू का? केरबा पुन्हा किकवर चढला. हैबती माथ्यावर गेला, तिथलं गवत खाल्लं, बसला.

डबकं गेलं. केरबा सीटवरनं उतरायला पाय काढणार, एवढ्यात खालून अप्पासाहेबांचा आवाज आला, की उतरू नका.

पंच पायथ्यालाच सभा भरवून बसले होते. त्यांनी ठराव वाचला. पिस्टन पंच्याहत्तर वर्षं अर्धा दिवस टिकणार आहे. आज ठरावाला आठ दिवस झालेत. म्हणजे पिस्टन टिकलेला आहे. म्हणजे गाडी चालू आहे. गाडी चालू आहे म्हणजे शर्यत चालू आहे. शर्यत चालू असताना हैबती जिंकला असं कसं म्हणता येईल? आणि केरबा हरला असं तर मुळीच नाही.

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. डबकं वाचलं.

"फक्त गाडीवरनं उतरू नका," अप्पासाहेब म्हणले. "चालू गाडीवरनं उतरणं म्हणजे हार मानणं."

हैबती संध्याकाळपर्यंत वाट बघून घरी गेला. निकाल लागला की सांगा, म्हणला. डबक्याभोवती मात्र पंचांनी वेल बांधला. वाद मिटेपर्यंत कुणी लोळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं. तिसऱ्या दिवशी केरबाच्या पाठीची कातडी तडकली. चौथ्या दिवसापासून गाडी चालू आहे का ते बघायला पंचांचा कावळा यायला लागला. कावळा दिसला की केरबा तोंडानं "फट फट फट" करायचा. चढ आहे म्हणून मधेच आवाज जड करायचा. कावळा पानावर खूण करून निघून जायचा.

आठवडाभरानं म्हाळसाक्का टेकडी चढून आली. केरबा सीटवर असतानाच तिनं चार बोल्ट काढले, सिलिंडर उचलला. पिस्टनची एक बाजू तुटून खाली पडली होती, उरलेला सिलिंडरला चिकटला होता. तिनं तुकडा त्याच्या पुढ्यात धरला.

"हे बघ. संपला हा. उतर आता."

केरबानं मान फिरवली. "उतरलो तर डबकं जाईल."

"आणि बसून राहिलास तर ते काय चालत इथं येणार आहे? लेकरा, ते देऊन टाक हैबतीला. त्याला अर्ध्यात बसायला सांगू, अर्ध्यात तू लोळ. तो नाही म्हणणारा नाही, मी विचारून आलेय."

केरबानं खाली जांभळीकडं बघितलं. पाठीवर गोचिडी ओळीनं बसल्या होत्या. त्याचा एक पाय सीटवरनं जरासा घसरला.

तेवढ्यात कावळा आला. या वेळी त्यानं बातमी आणली होती. वैशाखाच्या उन्हानं डबकं तळापर्यंत वाळलं. लोळायला कुणी नाही, ढवळायला कुणी नाही, त्याची पार भाकरीसारखी खापरी झाली. आणि आज सकाळीच पंचांनी एकमतानं ठराव केलाय, की डबकं ओलं आहे.

केरबाच्या तोंडावर असं समाधान पसरलं, की म्हाळसाक्का बघतच राहिली. त्यानं पाय वर ओढून घेतला. डोळे मिटले. चिखलात सोडायचा तसा लांब सुस्कारा सोडला. मग मूठ पिळून पहिल्यापेक्षा मोठ्यानं म्हणायला लागला, "फट फट फट फट."

तात्पर्य: इंजिन कधी उघडून बघू नये. उघडलं तर नुसता पिस्टन दिसतो. न उघडता बघितलं तर पंच्याहत्तर वर्षं दिसतात.

झालं. मिटा ती तोंडं, सांगितलं होतं ना. निघा आता सगळे, मला माझी कामं आहेत.