गोळीसरांच्या छातीतला आवाज

विद्यार्थी भेटायला येत नाहीत म्हणून गोळीसर त्या दिवशी स्वतःच होस्टेलवर गेले आणि तिथल्या पहिल्याच पायरीवर त्यांचा पाय मुरगळला.

सर औषधशास्त्र शिकवायचे, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव गोळीसर. होस्टेलवर जायला त्यांना सक्त मनाई होती. डीनसाहेबांचा हुकूमच होता तसा: मार्गदर्शकाने आपल्या गटातल्या विद्यार्थ्यांना ठरलेल्या तासाला, ठरलेल्या खोलीतच भेटायचं, उगाच सलगी नको. सर वर्षभर त्या खोलीत बिस्किटांची बशी मांडून बसले. बिस्किटं सादळली, पण चिटपाखरू फिरकलं नाही. आणि आज कळलं, की गटातली शिडी बॅग भरून बसलीय. पोरगी उंच, म्हणून शिडी. डॉक्टरकी कायमची सोडून संध्याकाळच्या गाडीने घरी चालली होती आणि सरांचा फोन उचलत नव्हती.

"खड्ड्यात गेला तो तास!" म्हणून सर तरातरा निघाले होते. पुढचं ती पायरी जाणे.

पोरांनी त्यांना उचलून कॉलेजच्याच दवाखान्यातल्या वॉर्डात आणलं, खिडकीजवळच्या खाटेवर टाकलं, पायाला पट्टी बांधली. आणि काय आश्चर्य! वर्षभर तोंडातून ब्र न काढणारी पोरं खाटेच्या कडेला बसून बोलायला लागली. एकाला रक्त बघून चक्कर येत होती. एकीला मेसच्या जेवणाने रडू येत होतं. सगळ्यांकडून सरांना शिडीचंही कळलं.

"राउंडला सगळ्यांना पेशंटच्या हृदयातले बिघाडाचे आवाज ऐकू येतात सर, तिला येत नाहीत. म्हणते, मी कसली डॉक्टर होणार."

तेवढ्यात सिस्टर आल्या. "सर, पाय नुसता मुरगळलाय. उठा, खाट रिकामी करा."

आता उठायचं? आत्ता कुठे गाडी रुळावर आली होती! सरांनी छातीवर हात ठेवला आणि सरळ थाप ठोकून दिली. "सिस्टर, इथेही काहीतरी वाजतंय. हृदयात फार बारीक मर्मर आहे. कुणाला सहज सापडायची नाही."

झालं. सापडायची नाही म्हटल्यावर कोण गप्प बसतंय? रक्ताला भिणाऱ्याने आधी स्टेथोस्कोप लावला. "आहे सर! मस्त वाजतंय!" पाठोपाठ सगळ्यांना वाजलं. निवासी डॉक्टर धावत आला, त्याला तर दोन ठिकाणी वाजलं. सरांना क्षणभर घामच फुटला. मग आठवलं, थाप आपणच मारलीय; गेल्याच महिन्यात तपासणीत हृदय ठणठणीत निघालं होतं.

पण बातमी डीनसाहेबांपर्यंत पोचली. साहेब हृदयाचे मोठे डॉक्टर. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मान डोलावली. "दुर्मीळ! असा आवाज पुन्हा मिळायचा नाही. सगळी बॅच बोलवा. आणि यांना लगेच सोनोग्राफीला घ्या, झडपेचं ऑपरेशन लागेल असं दिसतंय."

ऑपरेशन! सरांची बोबडी वळली. तरी ते उशीला टेकून ताठ बसले. "आधी शिडीला बोलवा. ती ऐकेपर्यंत मी या खाटेवरून हलणार नाही. काय करायचं ते करा!"

सरांचं ऑपरेशन म्हटल्यावर शिडी आली, ती खांद्यावर बॅग घेऊनच. स्टेथोस्कोप लावला. वर ऐकलं, खाली ऐकलं, कुशीवर वळवून ऐकलं. सगळा वॉर्ड थांबला होता. तिचे डोळे भरून आले.

"काही नाही," ती म्हणाली.

"नीट ऐक," डीनसाहेब म्हणाले.

"ऐकलं सर."

"पुन्हा ऐक! मला ऐकू आलंय!"

"तुम्हाला आलं असेल!" शिडीचा आवाज चढला. "मला नाही आलं. नाही ते आहे कसं म्हणू? नाहीतरी मी चाललेच आहे, जाताना तरी खोटं बोलणार नाही."

"शाब्बास!" गोळीसर ओरडले. "नाहीच आहे! थाप मारली मी. अख्ख्या दवाखान्यात ऐकलं ते हिनेच, बाकी सगळ्यांनी नुसती री ओढली!"

पोरं जमिनीकडे बघायला लागली. डीनसाहेब लालबुंद झाले. आपले कान खोटे? तेही एका शिकाऊ पोरीसमोर? त्यांनी कोटाची बटणं काढली आणि शेजारच्या स्टुलावर बसकण मारली.

"हिला काही ऐकूच येत नसेल! चल, माझं ऐक. निरोगी हृदय कसं असतं, कळू दे एकदा."

शिडीने डोळे पुसून ऐकलं. मग जागा बदलून ऐकलं. मग त्यांना श्वास रोखायला सांगून ऐकलं.

"काय?" साहेबांनी विचारलं. "हेही नाही?"

"सर," ती हळूच म्हणाली, "तुमचं मात्र खरंच वाजतंय."

गोळीसर लंगडत खाटेवरून उतरले. साहेबांना त्यांच्या जागी झोपवलं, सोनोग्राफीचं मशीन आलं. झडप जराशी गळत होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण होती. शिडीने शेवटी स्टेथोस्कोप टेकवला होता, अगदी तिथेच.

सरांनी घड्याळाकडे बघितलं. "अगं, तुझी गाडी?"

शिडीने खांद्यावरची बॅग काढून खाटेखाली सरकवली.

"जाऊ दे सर. पेशंट सोडून कशी जाऊ?" आणि ती डीनसाहेबांकडे वळली. "हलू नका हो. ठरलेल्या तासाची वाट बघायची नाही, मला आत्ताच परत ऐकायचंय."